राहिलेला डोळा

पेणहून कविताचा फोन आला तेव्हा मी रोह्याला घरी वाल सोलत बसले होते. कविता म्हणजे माझ्या मालूमावशीची सून. "ताई, आई गेली," ती म्हणाली. मावशी सकाळी नेहमीसारखी कारखान्यात कामाला बसली होती, पाणी मागितलं, आणि कविता पाणी घेऊन येईपर्यंत... मग ती एकदम म्हणाली, "आणि ताई, एक डोळा राहिलाय." घरात माणूस गेलेलं असताना ही असं काय बोलते, हे परक्याला कळायचं नाही. मला कळलं. मावशी गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. लग्न होऊन पेणला आली तेव्हापासून तिच्या हातात तेच काम. आणि तिचा नियम असा, की एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय जागचं उठायचं नाही, मग दारात कलेक्टर का येऊन उभा राहीना. "एका डोल्यानं कुनाला सोडू नाय," म्हणायची. आयुष्यात एकदाच तिने हा नियम मोडला, तोही नाइलाजाने.

तिचा आणखी एक नियम होता. डोळे काढलेले नाहीत तोवर मूर्तीचं तोंड लोकांसमोर उघडं ठेवायचं नाही. पेणमध्ये कुठल्याही कारखान्यात जा, बिनडोळ्यांच्या मूर्ती रांगेने उघड्याच बसलेल्या असतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण मावशीच्या पाटावरच्या मूर्तीवर मात्र धुतलेला मऊ पांढरा रुमाल असायचा. शेजारचे कारागीर तिची थट्टा करायचे, "मावशी, बाप्पाला थंडी वाजते काय?" ती हसायची आणि रुमाल नीट करायची.

मग काही वर्षांपूर्वी तिचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी वयावर ढकललं आणि गोळ्या दिल्या. एकदा पहिल्याच डोळ्याच्या पापणीची रेघ काढताना ब्रश थेट कानशिलाकडे सरकला. मावशीने रेघ पुसली, ब्रश धुऊन कविताच्या हातात दिला आणि वर जाऊन बसली. कविता तोवर पितांबर आणि दागिने रंगवायची, डोळ्यांना तिने कधी हात लावला नव्हता. शेवटी बाहेरचा एक आखणीवाला ठेवावा लागला. कारखाना तळमजल्यावर, राहतं घर वर. मावशी भाजीला जायची तर मागच्या जिन्याने, कारखान्याकडे न बघता. माझी बडबडी, सगळ्यांना दटावणारी मावशी स्वतःच्या घरात अशी चोरासारखी ये-जा करताना बघून मला फार वाईट वाटायचं.

माझ्या नवऱ्याला तेव्हा कंपनीने जहाजांच्या कामासाठी नॉर्वेत, बर्गनला पाठवलं होतं. मावशीला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती नाही म्हणेल याची खात्री होती, पण ती पोह्यांचे पापड बांधून तयार! बर्गन हे जुन्या बंदराचं गाव. धक्क्यालगत लाकडी घरांची लांबच लांब रांग आहे, तांबडी, पिवळी, पांढरी, आणि एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून किंचित कललेली. मधून फळ्यांनी मढवलेले अरुंद बोळ. कधीकाळी परदेशी व्यापारी इथे राहायचे आणि सुक्या मासळीच्या राशी वखारींत भरायचे. पावसाला तर तिथे धरबंदच नाही. मावशी छत्री विसरून एकेका खांबावरून हात फिरवत चालली होती. "लाकडाचं कसं टिकलं गो येवढी वर्सं? आपल्या धरमतरच्या खाडीत धक्क्याची फली दोन पावसालं काढत नाय." मग एका खांबाला नाक लावून म्हणाली, "सुकटीचा वास अजून हाय." मला कसलाही वास आला नाही, पण बऱ्याच दिवसांनी ती अशी खुशीत दिसली, म्हणून मीही हुंगून मान डोलावली.

एका बोळाच्या तोंडाशी छोटंसं संग्रहालय होतं. त्याच्या दारात, ठोकळ्यावर, एक लाकडी बाई उभी होती. पूर्वी शिडाच्या जहाजांच्या पुढच्या टोकाला अशा मूर्ती बसवायचे. तिच्या अंगरख्याचा निळा रंग कुठे कुठे उरला होता, डोळे मात्र खाऱ्या वाऱ्याने पार झिजून गेले होते. मावशी थबकली. "ही पुरी नाय झाली," म्हणाली. मी समजावलं, की पुरी झाली होती, जुनी झाली म्हणून असं दिसतं. "मग अशी दारात कशाला ठेवलीय?" आणि मी अडवायच्या आत तिने कमरेचा रुमाल काढून त्या बाईच्या तोंडावर टाकला आणि तसाच ठेवून चालू पडली.

दुसऱ्या दिवशी रुमाल जागेवर आहे का ते बघायला तिने मला ओढतच पुन्हा तिथे नेलं. दारात संग्रहालयाची राखणदार उभी होती, पांढऱ्या केसांची, जाड स्वेटर घातलेली, आणि तिच्या हातात मावशीचा रुमाल, घडी केलेला. हे कशासाठी, असं तिने इंग्रजीत विचारलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं, पण होतं ते सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मूर्तीला रंग लावता येणार नाही, समुद्राने जशी दिली तशीच आम्ही ती सांभाळतो. पण तुम्ही डोळे कसे काढले असते ते मला बघायचंय." तिने टेबलावर कागद आणि पेन्सिल ठेवली.

मावशीने हात पदराखाली घेतला. "सांग तिला, माझा हात गेलाय." मी सांगितलं. बाई बरं म्हणाली आणि तिकिटं द्यायला निघून गेली, कागद तसाच ठेवून. मावशी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली... मग डावी मूठ उजव्या मनगटाखाली घेऊन तिने एक डोळा काढला. पापणीची रेघ शेवटाला हलली, तिथे बारीकशी लाट उठली. "वाकडा आला," ती पुटपुटली. मला तिचे हाल बघवेनात. म्हटलं, "राहू दे मावशी, जाऊ या."

"आन् एका डोल्यानं सोडू व्हय हिला?"

दुसरा डोळा पहिल्याचा जोड असायला हवा. म्हणजे ती लाट आता मुद्दाम काढायची होती, त्याच जागी, उलट्या अंगाने. तिने श्वास रोखला. पेन्सिल सरकली, आणि लाट जिथे यायला हवी होती नेमकी तिथे आली. कागदावरून एक बाई वाऱ्याकडे तोंड करून बघत होती. राखणदार परत आली, कागदाकडे बघितलं, दारातल्या मूर्तीकडे बघितलं, आणि तो कागद दाराच्या काचेला आतून चिकटवला. मावशीने आपला रुमाल परत घेतला. वाटेत म्हणाली, "हात वाकडा झालाय गो, गेला नाय."

पेणला परतल्यावर ती पुढच्या दाराने कारखान्यात शिरली. मग एका हंगामात मोजक्याच मूर्तींचे डोळे काढायची, प्रत्येकीच्या पापणीला ती बारीक लाट. काही गिऱ्हाइकं नाक मुरडायची, काही मुद्दाम तिच्याच हातची मूर्ती मागायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

कविताचा फोन आला त्या दिवशी मी पेणला पोचले तेव्हा पाटावरच्या मूर्तीवर रुमाल होता आणि खाली एकच डोळा. आखणीवाला म्हणाला, पुसून दोन्ही नव्याने काढतो. त्याचं काही चुकीचं नव्हतं. कविता नको म्हणाली. तेरावं झाल्यावर ती स्वतः पाटावर बसली. तिचा हात अगदी स्थिर, आणि तीच अडचण होती. वर्तमानपत्रावर तिने किती रेघा काढल्या, सगळ्या सरळ. शेवटी मावशीसारखी डावी मूठ मनगटाखाली घेतली, आणि मग कुठे लाट आली. मूर्तीवरची तिची लाट मावशीच्या लाटेपेक्षा जराशी लहान आहे. ती मूर्ती विकायची नाही असं ठरलंय. ती कारखान्याच्या दारातच आहे, उघड्या तोंडाने.

परवा पुन्हा गेले. दारालगतच्या खिळ्याला मावशीचा रुमाल टांगलेला होता. आठवण म्हणून ठेवला असेल असं वाटून मी हात लावला, तर तो ओला होता, नुकताच धुतलेला. आत कविता पाटावर वाकून बसली होती. माझी चाहूल लागली तरी तिने मान वर केली नाही.

"बसा ताई," ती म्हणाली, "दुसरा डोळा चाललाय."