पिवळी पडलेली मादी

माझा भाऊ विनेश गणपतीच्या आधी गेला. छातीत कळ आली, रेवदंड्यावरनं अलिबागला नेईस्तोवर संपलं. ग्रुपवर सगळी बोलतात, नीराताय त्याच्याबद्दल काय तरी टाक. म्हनून टाकते.

विनेश बोटीवर खलाशी. सगळा दिस मासळीत हात, पन घरी आला की कोपरापर्यंत साबन लावून, वास जाईस्तोवर हात धुवायचा. का, तर काचेच्या टाकीत हात घालायचाय! टाकीत बोटाएवढे दोन मासे, नर नि मादी. शिक्लिड का काय ते. "गरीब जात हाय गो ताय, कोनाला चावत न्हाय," बोलायचा. बदामाची सुकी पानं टाकून पानी चहासारखं करायचा. त्यांना लपायला नारळाची करवंटी उपडी ठेवलेली, तिला दार पाडलेलं. शेजारची आवडाबाई बोलायची, "माशांना चहा पाजतोस, बिस्कुट पन दे!"

"देतो, तू बुडवायला ये."

तेरावं झालं नि बघते तर नर गायब. निळ्या शेपटीचा, विनेशचा लाडका. नागावचा परेश होमस्टेवाला तेराव्याला टाकीपाशीच घुटमळत व्हता, नि भावजय किशोरी त्याच्याशी हळू हळू बोलत व्हती. मला कळलं. हिनंच दिलान. नवऱ्याची राख थंड न्हाय झाली नि ही टाकी उठवायला निघाली.

तवापासनं मी तिच्यावर नजर ठेवली. ती दाने टाकायला गेली की मी मागनं. ती पन माझ्याकडं अशी बघायची का मीच चोर. एकाच घरात ऱ्हाऊन आमचं बोलनं "जेवलाव?" "जेवले" एवढंच.

मग मादी पिवळी पडली. हळदीसारखी. आपल्यात सुका बोंबील पिवळा पडला का तो खवट, टाकून द्यायचा. मला वाटलं ही पन नासली. का किशोरीनं पान्यात काय टाकलान? उद्या टाकीत दुसरा मासा आनला तर त्याला तरी नको लागायला, म्हनून काढायला मी हात घातला.

बाय माझे! करवंटीतनं सुटली नि माझ्या बोटाला टोच मारलीन. मी वरडले. किशोरी धावत आली.

"हात काढा वन्सं! नराला पन असाच काढलाव ना? तळून खाल्लाव?"

"मी? तू परेशला दिलास तो!"

"परेश टाकी मागत व्हता. मी बोलले, माझ्या घरातनं हलनार न्हाय ती."

तेवढ्यात करवंटीच्या दारात धुरळ्यासारखं काय तरी हललं. डोळा लावून बघितलं तर पिल्लं! सुईच्या टोकाएवढी. मादी त्यांच्यावर पदर धरल्यासारखी उभी. नि नर? टाकीत बुडबुडे सोडनाऱ्या मोटरच्या मागं, फाटकी शेपूट घेऊन गप चिकटलेला.

"बाळंतीन हाय," किशोरी बोलली. "नवऱ्याला घरात घेत न्हाय." हसली, नि तिथंच खाली बसून रडायला लागली. तो गेल्यापासनं पयल्यांदा.

मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबन लावला, नि बदामाखाली जायला निघाले.

"वन्सं, सुकीच आना हां," ती मागनं बोलली. "हिरवी न्हाय चालत त्याला."