सावलीत ठेवलेली बाटली

भर मे महिन्यात, नंदाखाल गावातल्या केळी माना टाकत असताना, लोकरी स्वेटर घालून सायकल हाकणारा माणूस पृथ्वीवर एकच होता: आमचा बस्त्याव. मुंबईच्या गारठलेल्या प्रयोगशाळेत तो चुंबकांवर काम करायचा. चुंबक तरी केवढे? एकेक रेणू म्हणजे एकेक चुंबक! मी विचारायचो, "मग माझ्या कोयत्याला कसे चिकटत नाहीत रे?"

"पास्कू, उकाड्यात त्यांची डोकी फिरतात. भयंकर थंडीत ठेव, मग एका दिशेला तोंड करून बसतात. तेव्हा त्यांच्यावर लहरी सोडायच्या आणि बघायचं, तोंड फिरवायला केवढा धक्का लागतो." हे तो इतकं सावकाश सांगायचा की माझ्या विहिरीतली कासवं झोपी जायची.

निवृत्तीला महिना उरला आणि त्याच्या रेणूंचे स्फटिक जमले. तीन वर्षांत पहिल्यांदा! मोहरीएवढे, काळे कुळकुळीत. लहरी सोडायच्या परगावच्या यंत्रावर त्याला एकच दिवस मिळाला होता, सोमवार. त्यासाठी बाटली घरी आणून ठेवली, तर रविवारी सकाळी वीज गेली, त्याचा फ्रीज बंद. बस्त्याव बाटली घेऊन माझ्याकडे आला. "तुझ्या विहिरीपाशी गार असतं. चर्चमध्ये मिसाला जाऊन येतो. सावलीत ठेव फक्त."

सावलीतच ठेवली. पण बघतो तर दाणे पाण्यात बुडालेले! आमच्या सात पिढ्यांत भिजलं बियाणं कुणी असं कुजत ठेवलेलं नाही. मी पाणी ओतून टाकलं. स्पिरिटसारखा वास आला, तरी अक्कल आली नाही. दाणे केळीच्या पानावर छान सुटे पसरले.

बस्त्याव आला तोवर त्यांची चकाकी गेली होती. आमच्या डोळ्यांदेखत एकेक दाणा तडकून भुगा होत होता.

"परत ओत ना काहीतरी! शहाळं फोडू?" मी ओरडलो.

तो पानाशेजारी उकिडवा बसला. "तो द्रव स्फटिकाच्या आतही होता, पास्कू. उडाला. आता प्रत्येक कणाचं तोंड भलतीकडे. काही करता येणार नाही."

नवे स्फटिक जमायच्या आत तो निवृत्त झाला. मी माफी मागितली की म्हणायचा, "बियाणं असतं तर तू वाचवलं असतंस."

गेल्या वर्षी बस्त्याव गेला. पेटीतही स्वेटर घालूनच निजला. मी गावभर कशालाही तिखटमीठ लावून सांगतो. ही गोष्ट सांगताना बाटलीचं झाकण बंद ठेवून बघायचा प्रयत्नही कैकदा केला. ते प्रत्येक वेळी माझ्याच हातांनी उघडतं.