बाभळीखालचा मुरूम

मावशी कुणालाही तसंच पाणी देत नसत. ज्या फडक्यातून पाणी गाळलं ते आधी दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडे धरायच्या, स्वतः निरखायच्या, मग समोरच्याला दाखवायच्या. "फडकं खोटं बोलत न्हाई," म्हणायच्या. ते पांढरं दिसलं तरच तांब्या आपल्या हातात यायचा.

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल, जिच्या दारात पाणी मागायला माणूस जरा बिचकतो. मी बिचकलो तेव्हा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नुकताच पाटोद्याला आलो होतो. तालुक्यातल्या एका जुन्या मातीच्या धरणाची उंची वाढवायची होती आणि तो प्रस्ताव माझ्याकडे होता. गाव उंचावर, आणि बौद्ध वस्ती धरणाच्या अगदी पायथ्याला. असं का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. धरणातून पाझरणारा एक झरा वस्तीच्या वरच्या अंगाला होता. त्याचंच पाणी सगळे प्यायचे. मावशींचं घर त्या झऱ्याला लागून.

मोजणी चालू असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या. माझं यंत्र तिपाईवर डुगडुगलं की म्हणायच्या, "तीन पाय असून ह्याला उभं ऱ्हाता येईना. मी दोनावरच हाय बगा." एकदा तीन जीपा घेऊन पुढारी आले. मावशींनी तांब्या आणला, पण त्यांनी हातातली विकतची बाटली दाखवली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ह्या बाटलीचं फडकं कुठाय?" पुढारीसुद्धा हसले. प्यायले मात्र बाटलीचंच.

एक दिवस मावशी एसटीने थेट माझ्या ऑफिसात आल्या. पिशवीतून दोन फडकी काढून टेबलावर पसरली. "हे मागल्या पावसाळ्यातलं, हे औंदाचं." पहिलं पांढरं होतं. दुसऱ्यावर हळदीचा हात पुसावा तसा पिवळट डाग होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच नकाशात नव्हतं. मोठ्या दुष्काळात हे धरण बांधलं तेव्हा त्या कामावर होत्या, लग्न होऊन नुकत्या आलेल्या. "डाव्या टोकाला, बाभळीपाशी, पायाच्या चरात काळी माती भरायची हुती. ती लई लांबून आनावी लागायची. मोठा सायब बगाया येनार म्हनून मुकादम म्हनला, भरा मुरूमच, वरून काळी टाका. म्या ह्या डोक्यावरनं पाट्या टाकल्या, सायब. तवा बोलले न्हाई."

"का नाही बोललात?"

"दुसऱ्या दिशी कामावर घेतलं नसतं." त्यांनी डागाचं फडकं माझ्याकडे सरकवलं. "आता वरून आनखी वजं टाकनार तुमी. पानी तिथनंच वाट काढंल. तिथं भोक घिऊन बगा."

काळी माती पाणी अडवते, मुरूम ते झिरपू देतो, आणि पाझरात माती दिसू लागली की आतला भराव वाहून जातोय, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. उंची वाढवायची म्हणजे नुसती वर माती टाकायची नसते. पाया रुंद करायचा, सांडवा मोठा करायचा, जुन्या भरावात भोकं घेऊन आतली माती तपासायची. बाभळीपाशी मुरूम निघाला असता तर चर नव्याने उकरावा लागला असता आणि काम निदान एक वर्ष पुढे गेलं असतं. दर उन्हाळ्यात गाव टँकरवर होतं. भूमिपूजनाची तारीख ठरली होती. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण एवढंच की माझ्या वरच्या साहेबांपुढे 'थांबा' म्हणायची माझी छाती नव्हती.

मी भोकं घेतली. तीन घेतली, बाभळीपासून लांब. तिन्हीत काळी माती निघाली. अहवालात 'पाझर स्वच्छ' असं लिहिलं आणि फडकी टेबलाच्या खणात टाकली.

नंतर वस्तीवर गेलो तेव्हा मावशींनी विचारलं, "बगितलं का वो?"

"बघितलं, मावशी. काही नाही तिथे."

"लई बरं झालं. इतकी वर्सं डोक्यावर व्हतं माज्या." मग आत जाऊन पाणी आणलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी फडकं न दाखवता माझ्या हातात तांब्या दिला. आणि मी तो प्यायलो.

पाया रुंद करताना झरा गाडला गेला. वस्तीला नळ आला. मावशी नळाचं पाणीही गाळायच्या आणि फडकं पांढरंच राहायचं; धरणाची खबर आता त्यात येत नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं. एका सकाळी बाभळीखालून गढूळ पाण्याचा लोट सुटला. तो मावशींनीच आधी पाहिला. परात बडवत त्यांनी घरन् घर रिकामं केलं आणि सगळ्यांना शाळेच्या टेकाडावर नेलं. आम्ही सांडवा फोडून पाणी सोडून दिलं. माणसं वाचली. मावशींच्या घराची मागची भिंत गेली, आणि गावाचं वर्षाचं पाणी नदीला मिळालं.

चौकशी शाळेतच झाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "इथल्या मातीबद्दल खात्याला आधी कुणी सांगितलं होतं का?"

मावशी समोरच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फायलीकडे पाहिलं.

"मुरूम म्याच टाकलाय, सायब," त्या म्हणाल्या. "ह्या पोराचा जलम बी झाला नव्हता तवा."

अहवालात 'मूळ बांधकामातील दोष' असं आलं. माझी नोकरी राहिली. बाहेर पडताना मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हातानेच थांबवलं. "तुमी का बोलला न्हाई, त्ये मला ठावं हाय," म्हणाल्या आणि पडक्या भिंतीकडे चालू लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फडकी परत करायला म्हणून जायला मला आठ महिने लागले. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, मुलाने त्यांना पुण्याला नेलं होतं, तिथेच थंडीत त्या वारल्या. तिने मला उंबऱ्याशी बसवलं आणि पिंपातलं पाणी तसंच पेल्यात भरून दिलं. मी प्यायलो.

"काई सांगायचं व्हतं का मावशीला?" तिने विचारलं.

पिशवी माझ्या मांडीवर होती. दोन्ही फडकी तिच्यात होती.

"नाही," मी म्हणालो.