अक्काचा फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धुळ्याच्या बहिणीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या अक्काला ओळखत नाही — म्हणून असेल.

अक्का म्हणजे माझी आई. धरणगावाजवळची आमची जमीन तिच्या नावावर, म्हणून बँकेचं खातं तिचं आणि खात्याला जोडलेला फोनही तिचाच. मी शाळेत शिक्षक. फोनमधलं मला फार कळतं असा गावभर बोलबाला — आणि मीही तो कधी खोडला नाही. फसवणुकीपासून सावध कसं राहायचं, यावर पालकांपुढे भाषण कोण करायचं? मीच.

त्या वर्षी पावसानं कापूस काळा पडला होता. सगळा गाव पीकविम्याची वाट बघत होता. अक्काच्या फोनवर मेसेज आला — विमा मंजूर आहे, आधार जोडायचं राहिलंय, हे अ‍ॅप घ्या. अक्का शेजारी वाती वळत बसली होती. फोन माझ्या हातात होता. अ‍ॅप मी घेतलं. आधारचा नंबर मी घातला. मागोमाग आलेला ओटीपी — तोही मीच. तिनं फक्त विचारलं, "ऊना का रे विमा?" मी म्हणालो, आला नाही अजून, येईल.

संध्याकाळपर्यंत खातं साफ झालं होतं.

घरातले सगळे भोवती जमले, तेव्हा मी काय बोललो? "अक्का, तू कुणाला नंबर सांगितला का?" — एवढंच. खोटंसुद्धा धड बोललो नाही, नुसतं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. ती गोंधळली, माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चूक मन्हीच व्हई." आणि मी गप्प बसलो.

पण मी तिथं तरी थांबलो का? नाही. दुपारी जेवणं झाली की अक्का व्हिडिओवर धुळ्याला बोलायची — भाजी काय केली, नातीचे केस किती वाढले. तो फोन मी काढून घेतला. तुझ्याच भल्यासाठी, म्हणालो. भलं कुणाचं? बहीण खोदून विचारणारी बाई. कुणाचा फोन आला होता, तू नेमकं काय सांगितलंस, असं तिनं दोनदा विचारलं असतं, तर माझं पितळ उघडं पडलं असतं. बहीण माझ्या फोनवर अक्काशी बोलायची, तेव्हा मी शेजारीच बसून राहायचो.

श्रावणात कानबाई बसली, तिच्या रोटांच्या प्रसादाला भाऊबंद जमले. पुतण्यानं थट्टा केली, "अक्का, ओटीपी काय शे वं?" सगळे हसले. अक्काही हसली. मीही — हो, मीही हसलो. पुढच्या भाषणात तर तिचंच उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या. मला लाज वाटली नाही, आणि आज त्याचीच जास्त लाज वाटते.

वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून चहा पाजणारी बाई ती. नंतर नंतर गॅसवाल्यानं नाव विचारलं, तरी उत्तर न देता आत निघून जायची. घरात म्हणायचे, म्हातारपण. मीही तेच म्हणायचो.

मग तिला जळगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बहीण धुळ्याहून निघाली होती. डॉक्टरांनी सहज विचारलं — आजी, नाव काय तुमचं? शुद्ध आहे का, एवढंच त्यांना बघायचं असेल. अक्काला सगळं कळत होतं. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग माझ्याकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, "भाऊ, नाव सांगू का रे?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "सांग." तिनं नाव सांगितलं.

बहीण पोचली तेव्हा अक्का गेलेली होती. पैसे तिनं घालवले, असं अजून सगळे समजतात. ते मी घालवले.