पहिल्या पुडीत काय होतं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते सगळं फायलींबरोबर मागे राहिलं. हे एक मात्र राहिलं नाही.

तेव्हा मी जबलपूरच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत रिछाईचे कारखाने आणि खमरियाच्या क्वार्टर्सचा काही भाग. एका सोमवारी टपालात माझ्या हुद्द्यावर आलेलं एक पाकीट निघालं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत चिमूटभर पांढरी भुकटी असलेली कागदाची पुडी, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत एकच ओळ : ‘शुद्ध है या नहीं, जाँच करवा दीजिए।’

गुन्हा क्रमांक असल्याशिवाय प्रयोगशाळा नमुना घेत नाही. कोणाची तक्रार नाही, कशाचा उल्लेख नाही, मग गुन्हा कसला नोंदवणार? कोणी तरी थट्टा करतंय असं समजून मी पुडी टेबलाच्या खणात टाकली. पुढच्या सोमवारी दुसरी आली, त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरी. अक्षर तेच, ओळ तीच. तिसऱ्या चिठ्ठीत फक्त खाली दोन शब्द वाढले होते : ‘जल्दी कीजिए।’ तीही खणात गेली.

त्याच आठवड्यात एक बाई ठाण्यात आल्या. चाळिशीच्या, शाळेत शिक्षिका. खमरियात धाकट्या भावाजवळ राहायच्या. भाऊ कारखान्यात कामाला होता.

“तुमच्या पाटीवरचं आडनाव वाचलं म्हणून मराठीत बोलून राहिली, साहेब,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ दवाखान्यात आहे. हळदीसारखा पिवळा पडून राहिला. डॉक्टर पुसून राहिले, काय खाल्लं? तो काही सांगत नाही. त्याच्या पेटीत हे सापडलं.”

त्यांनी एक प्लॅस्टिकची बाटली पुढे केली. आत कॅप्सूल होत्या. वर कंपनीचं नाव नाही, फक्त पेनाने लिहिलेलं एका स्टिरॉइडचं नाव. अंग कमावणारी मुलं हे चोरून घेतात, एवढं मला ऐकून माहीत होतं.

“कधीपासून घेतो?”

“तो जिममध्ये जाते तर दोन वर्षं झाली. पण ही बाटली नवीन आहे, साहेब. दहा-बारा दिवस झाले असतील.”

मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. त्या वॉर्डातलं दृश्य कसं सांगावं ते मला आजही नीट कळत नाही. पलंगावरचा माणूस त्या खोलीत सगळ्यांत धडधाकट दिसत होता. खांद्यांना पलंग पुरत नव्हता, दंड माझ्या मांडीएवढे. पण डोळ्यांचं पांढरं पूर्ण पिवळं झालं होतं आणि श्वास अगदी एखाद्या म्हाताऱ्याचा. शेजारच्या खाटेवरचा रोगी हळूच मला म्हणाला, “साहब, ये बीमार लगता ही नहीं है।” मी त्या भावाला माल विकणाऱ्याचं नाव विचारलं तर त्याने नुसती मान हलवली. माल कुठून घेतला हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मर्ग कायम झाला, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं, बाटली जप्त झाली. पंचनामा लिहिताना प्रधान आरक्षकाला, म्हणजे ठाण्याच्या हेड कॉन्स्टेबलला, मी खणातल्या तिन्ही पुड्या काढून दिल्या. तो तीस वर्षांच्या नोकरीचा माणूस. त्याने एक पुडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि बोटाच्या एका धक्क्याने उघडली.

“साहेब, ही वाण्याची पुडी नाही. आतला पातळ कागद बघा, बाहेरची घडी बघा. खडे ठेवायला सराफ्यात अशी पुडी बांधतात. माझी पाच वर्षं त्या बीटवर गेली.”

तपासाला तिथून वाट मिळाली. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत आम्ही सराफ्यातल्या गल्ल्या फिरलो. विचारायचं एवढंच होतं : काम सोडून अंग कमवायला लागलेला कोणी कारागीर आहे का? तिसऱ्याच दुकानात उत्तर मिळालं. एक म्हातारे सराफ चष्मा वर करून म्हणाले, “हाथ बहुत साफ था उसका, साहब. सोने की परख ऐसी कि मशीन बाद में बोले, वो पहले। अब तो रिछाई में शेड लिया है, प्रोटीन-व्रोटीन का कुछ करता है।”

औषध निरीक्षक आणि दोन पंच बरोबर घेऊन आम्ही भरदुपारी तिथे पोचलो. बाहेर कारखान्यांचा खडखडाट चालू होता. शेडचं दार लोटलं आणि आत आल्यावर तो आवाज एकदम बंद झाल्यासारखा वाटला. खिडक्या कागद चिकटवून बंद केलेल्या. भुकटी उडू नये म्हणून पंखा बंद. टेबल, जमीन, तराजू, सगळ्यावर पांढरा पातळ थर, आणि त्यात एकाच माणसाच्या अनवाणी पावलांचे ठसे. फळीवर काचेच्या बरण्या होत्या, त्यांच्यावर नुसते आकडे.

समोरच्या भिंतीवर फोटो लावलेले होते, ओळीने, साठ-सत्तर तरी. सगळे गळ्यापासून कमरेपर्यंतचे. चेहरा एकातही नाही. आधी किरकोळ शरीरं, मग भरलेली, मग अवाढव्य. शेवटच्या काही फोटोंत कातडीचा रंग बदललेला होता.

“किती लोक आहेत हे?” निरीक्षकाने विचारलं.

“सगळा मीच आहे,” मागून आवाज आला.

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. आम्ही आल्यावर उठला नाही, पळाला नाही. जणू आमची वाटच पाहत होता. घरी मराठी, बाहेर हिंदी अशी त्याची भाषा होती. त्याने मला पहिला प्रश्न केला तो असा : “रिपोर्ट आली का, साहब?”

चौकशीत आवाज चढवायची वेळच आली नाही. त्याने सगळं सांगितलं. भुकटी कुरियरने येई. पाठवणाऱ्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं. आधी हा स्वतः घ्यायचा, फोटो काढायचा, मग कॅप्सूल भरून विकायचा. वर्षभर ठीक चाललं. मग एक खेप आली, तिचा वास वेगळा वाटला, आणि पुढच्या दोन आठवड्यांत आलेल्या खेपांचाही.

“विचारलं त्यांना. बोलले, शंभर टक्का शुद्ध. मी कसं मानू? सोनं असतं तर कसोटीवर घासून सांगितलं असतं. हे कशावर घासू, साहब? लॅबवाले घेत नाहीत. म्हणून तुम्हाला पाठवलं. पुलिस की जाँच तो सच बोलेगी।”

“शंका होती तर विकणं थांबवलं का नाही?”

त्याने दोन्ही तळहात मांडीला पुसले.

“गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत आला की समजायचं, चलो, ठीक आहे.”

खोलीत आम्ही चौघे होतो. प्रधान आरक्षकाचं लिहिणारं पेन थांबलं. कशावर घासू, असं विचारणाऱ्या माणसाने ती भुकटी कशावर घासून पाहिली होती, ते आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

अहवाल यायला दोन महिने लागले. तिसऱ्या पुडीत निव्वळ स्टार्च. दुसरीत स्टिरॉइड होतं, पण बाटलीवर नाव होतं ते नाही. पहिल्या पुडीतला आणि मृताच्या कॅप्सूलमधला पदार्थ एकच निघाला. त्यापुढे लिहिलं होतं : एका घटकाची ओळख निश्चित करता आली नाही. फेरतपासणीतही तेच उत्तर आलं. भुकटी पाठवणारा कधी सापडला नाही. कुरियरच्या पावतीवरचा त्याचा पत्ता एका रिकाम्या प्लॉटचा होता.

कारागिराला शिक्षा झाली. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला कठड्याजवळून तो मला हाक मारायचा, “साहब, काय होतं ते? मीपण तेच खाल्लंय.” मी मान फिरवायचो. तो सुटून आला, जिवंत आहे, एवढं ऐकतो.

पहिली पुडी माझ्याकडे आली तेव्हा त्या भावाने बाटली उघडलीही नव्हती. अहवालाला दोन महिने लागले असते, हे मला ठाऊक आहे. पण ती पुडी तेव्हाच प्रधान आरक्षकाला दाखवून एक शिपाई सराफ्यात पाठवायला मला कोणी अडवलं नव्हतं.

निकालानंतर मी खमरियात त्या बाईंकडे गेलो आणि खणात पडून राहिलेल्या पुडीसकट हे सगळं सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. लाल पेन तसंच हातात धरून त्यांनी ऐकून घेतलं.

“मंग आता काहून सांगून राहिले, साहेब?” त्या म्हणाल्या. “मला झोप यावी म्हणून, का तुम्हाला?”

मी उठलो. त्या दाराशी आल्या नाहीत.

नोकरीभर मी लोकांकडून कबुल्या घेतल्या. माणूस खरं बोलला की तो सुधारला, असं मला वाटायचं. त्या क्वार्टरच्या पायऱ्या उतरताना पहिल्यांदा समजलं की कबुली देणारा पुष्कळदा स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या घरात ठेवून येतो. त्या कारागिराने ते माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी ते त्या बाईंच्या घरी ठेवून आलो.