ताट, चमचा आणि लंगडी हरिणी

दहा वर्षांपूर्वी मी तरुण होते. म्हणजे बासष्टची, आणि अतिशहाणी. ब्रिस्टलबाहेर घर घेतल्यावर मागच्या कुंपणापाशी येणाऱ्या हरणांना मी उरलेल्या पोळ्या घालू लागले, गाईला घास घालावा तशा. त्यातली एक लंगडी माझी भारी लाडकी.

शेजारीण दातांची डॉक्टर. माझी दाढ तिनंच भरलेली. हिवाळ्यात मात्र ती लायसन काढून, जंगलमालकाला विचारून, ठरलेल्या सीझनमध्ये हरणांच्या माद्या टिपायची. म्हणायची, "इथे लांडगे उरले नाहीत. हरणं वाढतच जातात, नवं झाड उगवू देत नाहीत, मग भुकेनं झिजून मरतात."

"मग तू लांडगा का गं?"

"लांडग्याला लायसन लागत नाही," ती म्हणाली. "आणि ऐक, या हिवाळ्यात तुझी लंगडी जाणार."

झालं! मी ताट-चमचा घेऊन थेट जंगलात. ताट बडवून हरणं पळवून लावायची, असा माझा महान बेत. तिचं मचाण म्हणजे झाडाला बांधलेली उंच शिडी आणि वर दोघांपुरतं बाकडं. रणरागिणीच्या आवेशात वर चढले, खाली पाहिलं आणि रणरागिणीनं झाडाला मिठी मारली. उतरताच येईना.

फेब्रुवारीचा दिवस कलला होता. खाली पानं चुरचुरली. बंदूक घेऊन तीच येत होती. झाडावर काहीतरी हलतंय म्हणून ही मलाच टिपणार! मी ताट ढालीसारखं छातीशी धरलं.

तिनं वर पाहिलं. आधी बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या.

"उतरतेस?"

मी मानेनंच नाही म्हटलं. मग तीच वर येऊन शेजारी बसली. बंदूक पुन्हा भरली. "आता हलू नकोस."

हरणं आली. कुंपणापाशी मला त्यांची तोंडं तेवढी दिसायची, वरून पाठी दिसल्या. हाडं नुसती वर आलेली. झाडांच्या साली तोंड पोचेल तिथवर सोललेल्या. लंगडी सगळ्यांत मागे. दुसरीनं जरा ढकललं, तर पडलीच. उठायला किती वेळ लागला तिला!

शेजारणीनं नेम धरला, पण गोळी झाडली नाही. हरिणीच्या मागे पायवाट होती, गोळी आरपार गेली तर कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याला लागायची. हरिणी सरकली, तिच्या मागे गोळी अडवणारा मातीचा उंचवटा आला. मी बघायला पुढे वाकले आणि चमचा ताटावर किणकिणला. एका हरणानं कान टवकारले.

"वाजवायचं तर आत्ताच वाजव," नजर न हलवता ती कुजबुजली.

इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. वाजवलं, तर लंगडी पळणार आणि कुठल्यातरी झुडपात उपाशी पडून राहणार, जिवंतपणीच कावळे टोचणार. नाही वाजवलं, तर माझ्या डोळ्यांदेखत जाणार. मी चमचा उचलला आणि दातांत घट्ट धरला.

बंदुकीचा बार झाला. लंगडी जागच्या जागी बसली. पुन्हा उठली नाही.

उतरताना शेजारीण खालून माझा घोटा धरून पाऊल एकेका पायरीवर ठेवत होती. मी रडत होते. चमचा अजून तोंडातच.

पुढच्या आठवड्यात तिच्याच खुर्चीत आ वासून बसले. दाढेचा टवका उडाला होता.

"काय चावलंस?"

"तुला माहितेय."

ती नेहमीपेक्षा हलक्या हातानं दाढ भरत राहिली.

गार पाणी लागलं की ती दाढ अजून ठणकते. पोळ्या मात्र तेव्हापासून मी मोजूनच लाटते.