पद्मालयाच्या अलीकडचं पाणी

देव ऐकतो की नाही, ही शंका मला त्या भाद्रपदात पहिल्यांदा आली. माझा दीड वर्षाचा मुलगा जुलाबांनी झिजत चालला होता. शौचात रक्त दिसू लागलं होतं. रडायचा, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. पाण्याच्या भांड्याकडे हात करायचा, तेव्हा सासूबाई म्हणत, "पोरले पानी नको दिऊ, पोट आखो बिघडी." मीही देत नव्हते. मालक परगावी होते. अखेर पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलून आम्ही दोघी त्याला घेऊन निघालो आणि एरंडोलला उतरलो. पुढे बैलगाडी मिळायची होती.

मला एका जागी बसवेना. फेऱ्या मारत होते, पोराच्या छातीवर हात ठेवून बघत होते, देवाचं नाव घेतानाही चुकत होते. शेवटी समोरच्या किराणा दुकानातल्या मारवाडी काकूंनी हाक मारून विचारपूस केली. चातुर्मासात त्या व्रत म्हणून उकळलेलंच पाणी पीत. त्यातलं पेलाभर घेऊन त्यांनी साखर आणि चिमूटभर मीठ घातलं, आधी स्वतः चाखलं.

"आसवांपेक्षा खारट नको. चमच्या-चमच्यानं दे. ओकला तर थोडं थांबून परत दे."

"जुलाब वाढतील ना, काकू?"

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "माझी मुलगी अशीच तहानलेली गेली, बेटा. मीच पाणी बंद केलं होतं. पाणी द्यायलाच हवं होतं, हे डॉक्टरांनी मागून सांगितलं. रक्त पडतं म्हणतेस, तर औषधच लागेल. जळगावची गाडी धर."

"देवले सोडीसन दवाखानामा?" सासूबाई कळवळून म्हणाल्या.

माझ्याही मनात तेच आलं. नवस अर्ध्यावर टाकला तर? तेवढ्यात काकूंनी तोंडाशी नेलेला चमचा पोरानं दातांत घट्ट धरला, सोडेचना. सासूबाईंना घेऊन मी जळगावची एस.टी. धरली. काकूंनी तांब्यात भरून दिलेलं तेच पाणी वाटभर त्याला पाजत राहिले आणि वाटभर देवाची क्षमा मागत राहिले.

दवाखान्यात सलाईन लागलं, औषध सुरू झालं. "वाटेत पाणी पाजलंत, फार बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. सकाळी पोरानं लघवी करून माझी मांडी ओली केली तेव्हा "अंगात पाणी परतलं बरं का," म्हणत नर्सबाई हसल्या आणि मी हुंदके देऊन रडले.

दिवाळीनंतर आम्ही पद्मालयाला गेलो. सासूबाईंनी घरून पाणी उकळून घेतलं होतं. हात धुतल्याशिवाय त्या आता पोराला घास भरवत नाहीत. गाभाऱ्यापुढे मला काही मागावंसंच वाटेना. देवानं मी ठरवलेल्या वाटेनंच यावं, हा माझा हट्ट होता. तो सुटला, त्यालाच मी शरण जाणं म्हणते. त्या काकूंच्या दुःखातून माझं लेकरू वाचलं. रोज दिवा लावताना मी आधी त्यांच्या लेकीसाठी हात जोडते.